डब्याच्या तळाचा कागद

कार्तिक संपत आला तेव्हा फराळाचे डबे धुवायला काढले. चकलीचा डबा जुना, पत्र्याचा, आईच्या लग्नातला. तेल शोषून घेण्यासाठी त्याच्या तळाशी घातलेला कागद असा चिकटून बसला होता की नखाने एकेक कड सोडवत तो काढावा लागला. टाकून देण्याआधी सहज खिडकीशी धरला. तेलात मुरलेला कागद उजेडापुढे धरला की त्याच्या दोन्ही बाजूंचे लिखाण एकमेकांत मिसळून दिसू लागते. एका बाजूला पेन्सिलीने, पट्टी लावून आखलेला चौकोनी तक्ता होता आणि त्याच्या प्रत्येक घरात एकेक देवनागरी अक्षर होते. दुसऱ्या बाजूला अक्षरांच्या सात ओळी होत्या, पण त्यांतून एकही शब्द होत नव्हता. आणि त्या सात ओळींच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, अगदी सरळ मराठीत लिहिले होते: ‘दळण, पाच किलो.’ अक्षर भाऊकाकांचे होते.

भाऊकाकांना जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांचे घर आम्ही वैशाखात रिकामे केले. भांडी, कपडे, देवघर यांची वाटणी अर्ध्या दिवसात झाली. राहिली ती पुस्तके. इंग्रजी, जाडजूड, बहुतेकांच्या बांधणीला वाळवीने वाट पाडलेली, आणि त्यांचे विषय असे की हातात घेणारा प्रत्येक जण शीर्षक वाचून ते पुन्हा खाली ठेवत होता. ग्रहांचे देवदूत, किमया, चौथी मिती, मनातल्या विचारांना हवेत येणारे रंग आणि आकार. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले की असली पुस्तके कोणाच्याही घरी जायला नकोत; ज्याने ती जमवली त्याच्याबरोबर त्यांचा संबंध संपला. रद्दीवाला ताणकाटा घेऊन आला. पुस्तकांबरोबर अकरा वह्याही होत्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, सुतळीने बांधलेल्या. सुतळी जुनी होती. वजन करताना तुटली आणि काही पाने सुटी झाली. ती मी गोळा करून ‘स्वयंपाकघरात उपयोगी पडतील’ म्हणून पिशवीत घातली, आणि वह्या गेल्या.

मी एकही वही उघडून पाहिली नव्हती.

हे मी कबुलीसारखे लिहीत आहे, कारण त्या घरात ती पुस्तके थोडीफार वाचलेली मी एकटीच होते. भाऊकाका मुंबईला फोर्टातल्या मध्यवर्ती तार कार्यालयात नोकरीला होते. पाळी संपवून बाहेर पडले की समोर फाउंटनचा फुटपाथ, आणि त्या फुटपाथावर तेव्हा जुन्या पुस्तकांच्या राशी लागलेल्या असत. इंग्रज निघून गेले, पारशी कुटुंबांतली मोठी घरे मोडली, थिऑसॉफी या गूढ-आध्यात्मिक चळवळीचे जुने सभासद वारले, की त्यांच्या कपाटांतले ग्रंथ शेवटी तिथे येत. मुंबईत या प्रकारच्या पुस्तकांचा ओघ जुनाच. थिऑसॉफीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 साली मुंबईच्या बंदरात उतरले, गिरगावात राहिले, त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी आपले मासिक मुंबईतून सुरू केले, आणि 1882च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला बिऱ्हाड हलवेपर्यंत पश्चिमेच्या गूढविद्येचे एक केंद्र आपल्या मुंबईत होते. त्यामुळे ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांनी दिव्यदृष्टीने अणूचे अंतरंग पाहिल्याचा दावा करणारा 1908 सालचा ग्रंथ भाऊकाकांना फुटपाथावर, उसाच्या रसाच्या गाडीशेजारी मिळाला, याचे मला कधी नवल वाटले नाही.

घरात मात्र या छंदाची सांगड काकूच्या जाण्याशी घातली गेली. काकू 1989 साली गेली, आणि त्यानंतर ‘भाऊ त्या नादाला लागला’ असे सगळे म्हणू लागले. ते पूर्ण खरे नाही. काकू असतानाही ती पुस्तके घरात येत होती; ती त्यांच्यावरची धूळ झटकत असे आणि रात्री जेवणे आटोपल्यावर भाऊकाका तिला त्यातले काहीबाही वाचून दाखवत. मी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जात असे. आम्ही मुले तेव्हा चची भाषा बोलायचो, ‘मला’चे ‘चलाम’ करून मोठ्यांना फसवल्याचा आनंद मानायचो, आणि भाऊकाका पेपरामागून शांतपणे त्याच भाषेत उत्तर द्यायचे. एकदा त्यांनी मला विचारले, ‘शुभेच्छांच्या तारेला नंबर असतो, ठाऊक आहे का? माणूस इथे नुसता आकडा लिहून देतो, आम्ही आकडा पाठवतो, आणि तिकडे त्याचे पूर्ण वाक्य होऊन निघते.’ मग बोटाने ताटाच्या कडेवर कडकट्ट करत ते म्हणाले, ‘मधल्या वाटेवर ते वाक्य कुठे असते, सांग बरं?’ मला उत्तर आले नाही. काकू म्हणाली, ‘तिला जेवू द्या.’

त्या प्रश्नाचा माग काढत मी फार पुढे ज्या माणसापाशी पोहोचले, त्याचे नाव योहानेस त्रिथेमियस. भाऊकाका त्याला ‘आपला मठाधिपती’ म्हणत. 1462 साली मोझेल नदीकाठच्या ट्रिटेनहाइम गावी जन्मलेला हा मुलगा. सावत्र बापाला त्याचे शिकणे मान्य नव्हते, म्हणून तो रात्री चोरून शेजाऱ्याकडे जाऊन अक्षरे गिरवायला शिकला. त्यानेच सांगितलेली एक आठवण आहे: स्वप्नात शुभ्र वस्त्रातला एक तरुण दोन पाट्या घेऊन आला, एकीवर चित्रे होती, दुसरीवर अक्षरे, आणि याने अक्षरांची पाटी उचलली. पुढे हिमवादळात वाट अडली म्हणून तो श्पोनहाइमच्या मठात आसऱ्याला शिरला आणि तिथेच राहिला. एकविसाव्या वर्षी, 1483 साली, त्या मठाचा प्रमुख झाला. मठ दरिद्री होता, ग्रंथालयात जेमतेम 48 पुस्तके होती. बावीस-तेवीस वर्षांनी तो तिथून बाहेर पडला तेव्हा ती दोन हजारांवर गेली होती. छपाई नुकतीच आली होती, तरी त्याने हाताने नकला करणाऱ्या लेखनिकांच्या गौरवाचे एक पुस्तक लिहिले. चामड्यावर लिहिलेले हजार वर्षे टिकेल, कागदावर छापलेले दोनशे वर्षे टिकले तरी पुष्कळ, असे त्यात त्याचे म्हणणे होते. आणि 1494 साली ते पुस्तक त्याने माइन्झला छापूनच घेतले. वस्तू कशाने टिकते या चिंतेने हा माणूस आयुष्यभर पछाडलेला होता, हे मला त्याच्या बाकीच्या विद्वत्तेपेक्षा जवळचे वाटते.

याच त्रिथेमियसने 1499च्या सुमारास ‘स्टेगॅनोग्राफिया’ हा ग्रंथ लिहायला घेतला. शब्दाचा अर्थ ‘झाकलेले लेखन’. आपण काय करत आहोत हे त्याला कोणाला तरी सांगावेसे वाटले, म्हणून त्याने गेंट शहरातल्या आर्नोल्ड बोस्टियस या कार्मेलाइट पंथाच्या संन्यासी मित्राला पत्र लिहिले: शेकडो मैलांवरच्या माणसाला, वाटेत कोणालाही संशय येऊ न देता, मनातली गोष्ट कळवण्याची विद्या आपल्याला साधली आहे, आणि तिच्यात निसर्गाबाहेरचे काही नाही. पत्र गेंटला पोहोचले तेव्हा बोस्टियस मरण पावला होता. ते मठातल्या दुसऱ्यांच्या हाती पडले, त्यांनी उघडले, वाचले, नकला करून पुढे पाठवले, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी श्पोनहाइमच्या मठाधिपतीने भुतांशी संधान बांधल्याची वार्ता थोडी थोडी वाढत गेली. पुढे ग्रंथाचे हस्तलिखित पाहायला आलेला फ्रेंच विद्वान शार्ल द बोव्हेल तर आतली नावे पाहूनच हादरला आणि त्याने त्याविरुद्ध उघड लिहिले. ग्रंथ अपुरा राहिला. त्रिथेमियसच्या हयातीत तो छापला गेला नाही.

दूरच्या माणसाशी बोलण्याच्या विद्येविषयीचे पत्र, आणि ते घ्यायला पलीकडे कोणी नाही.

ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो 1606 साली, फ्रँकफुर्टला, आणि तीनच वर्षांत रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. त्याची पाने आज घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. मी ती पाहिली आहेत. पहिल्या भागात प्रत्येक प्रकरणाला एक अधिष्ठाता आत्मा आहे: पामेर्सिएल, पादिएल, अशी त्यांची नावे. कोण पूर्वेचा, कोण दिवसाचा, कोणाच्या हाताखाली किती सेवक, याचे तपशील आहेत, आणि त्या आत्म्याला बोलावण्याचा मंत्र आहे, ज्याचे शब्द कोणत्याही भाषेतले नाहीत. ते मोठ्याने वाचले तर अंगावर शहारा यावा असा त्यांचा नाद आहे. पण त्याच वर्षी छापलेल्या किल्लीप्रमाणे वाचले तर वेगळेच घडते. पहिला शब्द सोडायचा; दुसरा घ्यायचा, त्यातले पहिले अक्षर सोडून दुसरे उचलायचे, पुन्हा एक सोडायचे, पुढचे उचलायचे; तिसरा शब्द सोडायचा, चौथा घ्यायचा. पादिएलचा मंत्र असा गाळून घेतला की पहिले दोन शब्द हाती लागतात ते ‘प्रिमुस आपेक्स’, म्हणजे ‘पहिले टोक’. तिथून पुढे लिप्यंतराची साधी सूचना सुरू होते. आत्म्याचे नाव म्हणजे कोणती पद्धत वापरली आहे ते पलीकडच्याला कळवणारी खूण. मंत्र म्हणजे निरोप. भाऊकाकांनी मला हे पहिल्यांदा उलगडून दाखवले तेव्हा मी नववीत होते, आणि हातातली पेन्सिल खाली ठेवून मी त्यांना विचारले होते, ‘मग भुते कुठे गेली?’ ते म्हणाले, ‘पोस्टमन झाली.’

आता यातला सर्वांत विलक्षण भाग पुढे आहे. किल्ली छापलेली होती, उपलब्ध होती, तरी पुष्कळांनी ती वापरली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जादूविधींची जी हस्तलिखिते सिद्ध झाली, त्यांतल्या एका भागात त्रिथेमियसच्या याच आत्म्यांची नावे, त्यांच्या दिशा आणि सेवकांची संख्या यांसह उचललेली आहेत, आणि तिथे ते खरेखुरे आत्मे आहेत. त्यांच्या मुद्रा आहेत, त्यांना पाचारण करण्याचे विधी आहेत. निरोपावरचे वेष्टन उरले, आतला निरोप गळून गेला, आणि वेष्टनाचीच पूजा सुरू झाली. ती हस्तलिखिते पुढे छापली गेली, आणि आजही गूढविद्येच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुस्तकांत पादिएलला हाक मारणारे लोक आहेत. त्यांना हसावे असे मला वाटत नाही. वाईट मात्र वाटते. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती पुस्तके भिऊन बाहेर काढली आणि हे लोक भारावून त्यांपुढे उदबत्ती लावतात, पण दोघांच्याही हातून एकच गोष्ट राहून जाते. दोघेही ती वाचत नाहीत.

तरीही ‘ते सगळे नुसते गुप्तलेखन होते’ असे म्हणून हात झटकणे मला जमत नाही, कारण त्रिथेमियसच तसे करू देत नाही. 1508 साली सम्राट मॅक्सिमिलियनसाठी लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकात त्याने सांगितले आहे की सात ग्रहांचे सात देवदूत जगावर पाळीपाळीने राज्य करतात, प्रत्येक जण 354 वर्षे आणि 4 महिने. हे त्याने वेष्टन म्हणून लिहिलेले दिसत नाही. गूढविद्येचा अभ्यासक तरुण अग्रिप्पा वुर्ट्सबुर्गला त्याला भेटून गेला आणि 1510 साली गूढ तत्त्वज्ञानावरचे आपले हस्तलिखित त्याने त्याला पाहायला पाठवले, तेव्हा त्रिथेमियसने कौतुक करून एकच सल्ला दिला: सामान्य गोष्टी सामान्यांना सांग, उच्च आणि गूढ गोष्टी फक्त निवडक मित्रांना, बैलाला गवत घाल, साखर पोपटाला. ज्याला जगच झाकलेल्या लेखनासारखे दिसत होते, ज्याच्या लेखी ताऱ्यांच्या फिरण्यातही कोणाचा तरी निरोप होता, त्याला गुप्तलिपी आणि देवदूत ही दोन वेगळी खाती वाटली असतील असे नाही. आपल्याकडे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधून ठेवले, आणि राजवाड्यांसारख्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडेपर्यंत ते पंथाबाहेरच्या कोणाला वाचता आले नाहीत. तिथेही लिपी नुसते कुलूप नव्हती. ती श्रद्धेचाच एक अवयव होती. भाऊकाकांना हे साम्य फार प्रिय होते. ते म्हणत की अक्षर बदलले म्हणजे भाव खोटा होत नाही.

‘स्टेगॅनोग्राफिया’च्या तिसऱ्या भागाने तर विद्वानांनाही चकवले. तो अगदी लहान, अपुरा. शनी आणि त्याचा देवदूत ओरिफिएल इथून सुरू होणारा, आणि आकड्यांच्या रकान्यांनी भरलेला. पत्र किंवा दूत न पाठवता चोवीस तासांत दूरच्या माणसाला मनातले कळवण्याची रीत त्यात आहे, असा लेखकाचा दावा. या भागाला कोणी किल्ली दिली नव्हती. म्हणून पहिले दोन भाग गुप्तलेखनाचे हे मान्य करणाऱ्या विसाव्या शतकातल्या चांगल्या अभ्यासकांनीही तिसऱ्याला निखळ ग्रहजादू ठरवले होते. मग थॉमस अर्न्स्ट या जर्मन भाषेच्या अभ्यासकाने तो सोडवला. त्याचे विवेचन 1996 साली प्रसिद्ध झाले. त्याची कल्पना नसताना अमेरिकेत जिम रीड्स या गणितज्ञाने स्वतंत्रपणे तेच केले आणि 1998 साली छापले. रीड्स ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता, तिच्या मूळ नावात ‘टेलिग्राफ’ हा शब्द होता. ही गोष्ट भाऊकाकांनी मला दोनदा फोन करून सांगितली. ग्रहांचे ते आकडे म्हणजे अक्षरे निघाली, एकाच अक्षरासाठी अनेक वेगवेगळे आकडे वापरून झाकलेली. आणखी एक गोष्ट उघडकीला आली. 1676 साली हायडेल नावाच्या जर्मन पंडिताने आपण हा भाग सोडवला आहे असे जाहीर केले होते, पण उलगडा स्वतःच्याच गुप्तलिपीत छापला होता, म्हणून कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तीनशे वर्षांनी त्याचीही लिपी फोडली गेली, आणि तो खरे बोलत होता.

आणि आत काय होते? ओरिफिएलच्या आकड्यांतून एक लॅटिन वाक्य निघाले, कार्थेजच्या विजययात्रांविषयीचे, ज्यात दुर्मिळ अक्षरेही यावीत म्हणून शब्द मुद्दाम निवडलेले. नवी टाकाची निब चालवून पाहायला आपण जसे काहीतरी लिहितो तसे. दुसरे वाक्य जर्मन होते: हे पत्र आणणारा माणूस लबाड आणि चोर आहे, त्याच्यापासून जपून राहा, तो तुझे काहीतरी करू पाहतो आहे.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा निराश झाले होते. पाचशे वर्षे ज्या पानांपुढे लोक घाबरले, ज्यांच्यासाठी शपथा घेतल्या, त्यांत एवढेच असावे, हे मला पटेना. भाऊकाकांची प्रतिक्रिया अगदी निराळी होती. ‘अगं, पत्र आणणाराच चोर आहे, हे पत्रातच लिहून त्याच्याच हाती द्यायचे,’ ते म्हणाले, ‘याहून काळजीचे वाक्य असते का?’ आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये बोटांतून पुढे सोडलेल्या माणसाला ते वाक्य क्षुल्लक वाटले नव्हते. त्यांच्या हातून गेलेल्या तारांत जन्म होते, मरणे होती, परीक्षांचे निकाल होते, आणि ‘मंगळवारी पोचतो, स्टेशनवर या’ हेही होते. घरात तार आली की बायकांच्या काळजाचे पाणी होत असे, आणि पुष्कळदा आत निघे ते स्टेशनवर या. 2013च्या जुलैत तारसेवा कायमची बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी देशभर लोक रांगा लावून तारा करायला गेले. भाऊकाकाही वयाच्या ऐंशीव्या वर्षी रांगेत उभे राहिले. कोणाला तार केली, ते त्यांनी सांगितले नाही. आम्हा कोणाच्याच घरी ती आली नाही.

डब्यातला कागद सापडल्यापासून मला सारखी आठवण येते ती जॉन डीची. हा इंग्रज गणितज्ञ 1563च्या फेब्रुवारीत अँटवर्पला असताना त्याला ‘स्टेगॅनोग्राफिया’चे हस्तलिखित पाहायला मिळाले. तेव्हा ते छापलेले नव्हते. त्याने दहा दिवस बसून जमेल तितके उतरून घेतले आणि राणीचा मंत्री विल्यम सेसिल याला लिहिले की याच्यासाठी लोकांनी हजार क्राउन देऊ केले आणि तरी त्यांना ते मिळाले नाही. पुढे थेम्सकाठी मॉर्टलेकला त्याने आपल्या घरी उभारलेला ग्रंथसंग्रह इंग्लंडातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी होता. 1583 साली तो युरोपच्या प्रवासाला गेला आणि सहा वर्षांनी परतला तेव्हा त्यातले पुष्कळ ग्रंथ लुटले गेले होते. त्यातली शंभरावर पुस्तके आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ग्रंथालयात आहेत. त्यांपैकी कितींवर तरी डीची सही खोडून दुसऱ्याने आपले नाव घातलेले दिसते, पण समासातल्या त्याच्या नोंदी तशाच आहेत. सिसेरोच्या एका पुस्तकाच्या समासात त्याने शिडे फुगलेले एक जहाज काढले आहे. ते चित्र पाहून मला उगाच रडू आले होते.

डीने देवदूतांशी झालेल्या संभाषणांच्या वह्या ठेवल्या होत्या. स्फटिकात पाहणारा एडवर्ड केली सांगत जाई आणि डी लिहून घेई. 1608-09च्या सुमारास डी वारला, आणि त्यातल्या काही वह्या एका देवदारी पेटीच्या चोरकप्प्यात राहिल्या. पेटी या हातातून त्या हातात विकली जात लंडनच्या एका मिठाईवाल्याच्या घरी आली. वीस-एक वर्षे ती घरात होती. 1662 साली पेटी हलवताना आत काहीतरी खुळखुळले, म्हणून त्याने तळाची फट उचकटली आणि वह्या बाहेर आल्या. त्या नवरा-बायकोला त्यांतले काही कळले नाही. त्यांच्या मोलकरणीने जवळजवळ अर्धी पाने ‘पाय’ नावाचा सारण भरलेला पदार्थ भाजताना त्याच्याखाली घालायला आणि अशाच घरकामांसाठी वापरून टाकली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले आणि उरलेली त्यांनी जपून ठेवली. 1666च्या आगीत पेटी जळाली, कागद तेवढे वाचवता आले. शेवटी 1672 साली ते हस्तलिखितांचा संग्राहक इलियास ॲशमोल याच्याकडे गेले. त्या बदल्यात त्याने नुकतेच छापलेले आपले पुस्तक दिले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हा किस्सा मी चार-पाच वेळा तरी कोणाकोणाला सांगितला असेल, आणि दर वेळी त्या मोलकरणीवर माझा राग निघत असे. तिला वाचता येत होते की नाही, कोण जाणे. मला वाचता येत होते.

कागद मी धुतला नाही. टिपकागदांत दाबून, वर पाटा ठेवून, आठवडाभर ठेवला. तेल पुरते गेले नाही. आता तो बोटांना कोरडा लागतो, पण जवळ नेला की चकलीच्या भाजणीचा, ओव्याचा वास येतो. तक्ता मला ओळखता आला. पहिल्या ओळीत क पासून ह पर्यंत व्यंजने, दुसरी ओळ ख पासून सुरू होऊन क वर संपणारी, तिसरी ग पासून. प्रत्येक ओळ एकेका घराने सरकलेली. हा त्रिथेमियसचाच चौकोन आहे, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1518 साली छापलेल्या गुप्तलेखनाच्या पुस्तकातला, फक्त रोमन अक्षरांच्या जागी आपली बसवलेली. त्रिथेमियस ओळींवरून क्रमाने खाली उतरत जाई. पुढे 1553 साली बेलासो या इटालियनाने त्याच पद्धतीत किल्लीच्या शब्दाची भर घातली: दोघांनाच ठाऊक असलेला एक शब्द निरोपाच्या अक्षरांवर पुन्हा पुन्हा लिहीत जायचा, आणि त्या त्या अक्षराची ओळ धरायची. मी आधी क्रमाने उतरून पाहिले. काही होईना. म्हणजे शब्द आहे. सात ओळींत काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही, त्यामुळे निरोप निघाला तरी नुसती व्यंजने निघतील आणि त्यांत स्वर मलाच भरावे लागतील. मी काकूचे नाव लावून पाहिले. कुलदैवताचे, गावाचे, ‘तार’, ‘मठाधिपती’, माझेही. संध्याकाळी दिवा लागला की मी टेबलाशी बसते, एक शब्द घेते, आणि दहाव्या-पंधराव्या अक्षराशी थांबते. रद्दीच्या दुकानातही जाऊन आले. ‘ताई, तो माल पावसाळ्याआधीच गेला,’ तो म्हणाला, आणि बसायला स्टूल दिले.

काल रात्री, पाने भिजत घातलेल्या मेथीकडे पाहत उभी असताना, मनात आले की मी लावून पाहिले ते काकूचे सासरचे नाव. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेले. त्याआधी अठरा-एकोणीस वर्षे तिला दुसऱ्याच नावाने हाक मारत असणार, आणि ते नाव आमच्या घरात कधी कोणाच्या तोंडी ऐकल्याचे मला आठवेना. लग्नाला हजर असलेल्यांपैकी आता एक आत्याच उरली आहे, नाशिकला. तिला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, फोन लागलेला नाही. मग म्हणाली, ‘अगं, भाऊ तिला त्याच नावाने हाक मारायचा. आमच्यासमोर नाही, पण माडीवर असले की ऐकू यायचं खाली.’ आणि तिने ते नाव सांगितले. तीन अक्षरी आहे. मी पेन्सिलीला टोक केले, कागद दिव्याखाली सरळ ठेवला, आणि पहिल्या ओळीच्या अक्षरांवर, डावीकडून, ते नाव लिहायला घेतले.